शेतकऱ्याने जुनी डिझेल पिकअप घ्यावी काय?

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील बाजार आवारात हंगामाच्या दिवसांत सकाळी फेरी मारली, तर जेथे एके काळी बैलगाड्या सोडलेल्या असत तेथे आज ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या यांच्या रांगा लागलेल्या दिसतात. कांद्याचा लिलाव येथे वाहनातच होतो. व्यापारी रांगेतून फिरतात, हौद्यातील माल हाताने उकरून पाहतात, बोली होते. त्यानंतर वजनकाटा आणि त्यानंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करणे. एवढे होईपर्यंत वाहन अडकून राहते. वाहन भाड्याचे असेल तर चालकाची खोटी होते, आणि त्या खोटीचे पैसे अखेर शेतकऱ्याच्याच हिशेबातून जातात. शिवाय भाव उतरला म्हणून माल परत न्यावा म्हटले, तर परतीचे भाडे अंगावर पडते. सबब मिळेल त्या भावाला होकार द्यावा लागतो. स्वतःचे वाहन असावे असे शेतकऱ्यास वाटते याचे मूळ येथे आहे, आणि ही इच्छा मुळीच उथळ नाही.

नव्या पिकअपची किंमत सामान्य बागायतदाराच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून दृष्टी जुन्या गाडीकडे वळते. तालुक्याच्या गावी रस्त्याच्या कडेला रंग देऊन, नवे आरसे लावून, पुढच्या काचेवर झेंडूची माळ घालून उभ्या केलेल्या अशा गाड्या पुष्कळ दिसतात. त्यांपैकी एखादी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न आज अनेक घरांत रात्रीच्या जेवणानंतर निघतो. त्याचे उत्तर गाडीकडे पाहून द्यावयाचे नसून प्रथम स्वतःच्या शेताकडे पाहून द्यावयाचे आहे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

निफाड तालुक्यातील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. तीन एकर उन्हाळ कांदा, एक एकर टोमॅटो, थोडी चाऱ्याची पिके. घरात वडील, आई, पंचविशीतला मुलगा व शिकणारी मुलगी. तीन वर्षे काटकसर करून तीन लाख रुपये बाजूला पडले होते. ते कांद्याची चाळ नव्याने बांधण्यासाठी ठेवलेले होते, कारण जुनी चाळ जमिनीलगत, खालून वारा न लागणारी, आणि पत्रा इतका खाली की श्रावणात आत उभे राहिले तर घुसमट व्हावी. अशातच मुलाने नऊ वर्षे वापरलेली डिझेल पिकअप पाहून ठेवली. किंमतही नेमकी तीन लाख. मुलाचे म्हणणे असे, की भाड्यात दरवर्षी पैसे जातात ते वाचतील, शेजाऱ्यांचा माल नेऊन चार पैसे मिळतील, आणि चाळ पुढच्या वर्षी बांधू. वडिलांचे म्हणणे फार थोडे होते. "बाळा, आधी खेपा मोज," एवढेच ते म्हणाले.

खेपा मोजल्या. कांदा सुमारे तीनशे क्विंटल निघे. त्या चाळीत सडून, कोंब येऊन व वजन घटून विक्रीस दोनशे दहा क्विंटल उरे. दीड टन वाहणाऱ्या गाडीत पंधरा क्विंटल धरले, तर चौदा खेपा. टोमॅटोचे वीस किलोचे बाराशे क्रेट. साठ क्रेटची एक खेप धरल्यास वीस खेपा. खत, रोपे, बांबू, सुतळी, औषधे यांसाठी आणखी सोळा. एकूण वर्षाला पन्नास. बाजार वीस किलोमीटरवर, आणि भाडे खोटीसह सरासरी नऊशे रुपये. म्हणजे वर्षाचे भाडे पंचेचाळीस हजार रुपये.

आता दुसरी बाजू. तीन लाख रुपये बँकेकडून घेतले तर व्याज, आणि घरचे घातले तर त्यांचा अन्यत्र होणारा उपयोग बुडाला. दहा टक्के धरले तरी तीस हजार. पाच वर्षांनी गाडी दीड लाखाला जाईल असे मानले तर झीज वर्षाला तीस हजार. विमा हा टाळण्याजोगा खर्च नव्हे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणे साडेसात टनांपर्यंतच्या सार्वजनिक मालवाहू वाहनाचा केवळ तृतीय पक्षाचा वार्षिक हप्ता १६,०४९ रुपये होता. ढोबळ मानाने सोळा हजार धरू. कर, पासिंग, धुराचे प्रमाणपत्र मिळून आठ हजार. टायरसाठी आठ हजार. दुरुस्तीस पंचवीस हजार, आणि नऊ वर्षांच्या गाडीस हा आकडा उदार म्हणता येणार नाही. ही बेरीज एक लाख सतरा हजार रुपये होते, आणि अजून डिझेलचा थेंबही जळलेला नाही. लिटरला बारा किलोमीटर आणि नव्वद रुपये हा दर धरला, तर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या खेपेस डिझेल तीनशे रुपयांचे लागते. भाड्याचे नऊशे वाचतात, डिझेलचे तीनशे जातात; खेपेमागे सहाशे रुपये हाती राहतात. एक लाख सतरा हजार भागविण्यास अशा एकशे पंच्याण्णव खेपा व्हावयास हव्यात. घरच्या पन्नास. उरलेल्या एकशे पंचेचाळीस दुसऱ्यांच्या मालाच्या.

हे आकडे एका घराचे आहेत. प्रत्येक गावाचे अंतर, भाडे आणि पीक निराळे असल्याने प्रत्येकाने आपापले आकडे घालून हाच हिशेब मांडावा. परंतु हिशेबाची रीत बदलत नाही. बहुतेक घरांत डिझेल तेवढे धरले जाते आणि झीज, व्याज व विमा यांचा विसर पडतो. बैलजोडीच्या वैरणीचा खर्च ज्यांनी कधी वहीत लिहिला नाही, त्यांच्या नातवांनी गाडीच्या झिजेचा खर्च लिहू नये, यात आश्चर्य नाही. बैल मात्र उभा राहिला तरी शेण देतो; उभी गाडी फक्त गंजते.

एकशे पंचेचाळीस परक्या खेपा म्हणजे दुसरा धंदाच होय. तो करू नये असे नाही. पण तो धंदा म्हणून करावा लागतो. टोमॅटोचा तोडा सर्वांचा एकाच वेळी असतो. ज्या दिवशी शेजाऱ्यास गाडी हवी, त्याच दिवशी स्वतःचाही माल तोडलेला असतो. भाडे उधारीवर राहते, आणि भावकीतल्या माणसाकडे ते मागण्याचे धैर्य होत नाही. मुलगा गाडीवर गेला म्हणजे फवारणीला आणि पाण्याच्या पाळीला माणूस लावावा लागतो. त्याची मजुरी वरील हिशेबात धरलेलीच नाही.

आता त्याच तीन लाखांचा चाळीतील उपयोग पाहावा. जमिनीपासून उंच, खालून व बाजूंनी हवा खेळणारी, थराची उंची व पाख्यांची रुंदी बेताची असलेली चाळ असेल, तर सड व वजनातील घट कमी होते, हे कांदा उत्पादकांस सांगावयास नको. त्या घरी तीनशेपैकी दोनशे दहाऐवजी दोनशे चाळीस क्विंटल हाती राहिले असे समजू. तीस क्विंटल अधिक. पंधराशे रुपये भावाने पंचेचाळीस हजार. म्हणजे वर्षभराच्या साऱ्या भाड्याइतकी रक्कम, आणि तीही गाडीमागे न धावता. ज्याच्या घरी चांगली चाळ, विहिरीस पाणी आणि ठिबकची व्यवस्था आधीच आहे, त्याचा प्रश्न वेगळा. ज्याची चाळ गळते, त्याने दारात गाडी उभी करणे हे घोंगडीला भोक असताना फेट्याला जर लावण्यासारखे आहे.

तथापि काहींच्या बाबतीत जुनी गाडी घेणे योग्यच ठरते. बारमाही पालेभाज्या, फुले, काकडी किंवा ढोबळी मिरची काढणारे, ज्यांचा माल आठवड्यातून चार-पाच दिवस बाजारात जातो, त्यांच्या खेपा सहज दोनशेवर जातात. तीन-चार सख्खे किंवा चुलत भाऊ मिळून पिके थोडी मागेपुढे लावतील व गाडीची एक वही ठेवतील, तर त्यांनाही ती परवडेल. मात्र भागीदारीत गाडी कोणाच्या नावे, चालविणार कोण आणि मोडली तर पैसे कोण काढणार, हे आधी कागदावर लिहावे. नाही तर गाडी राहते आणि भाऊबंदकी वाढते. आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर व ट्रॉली आहेच व बाजार आठ-दहा किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी पिकअपचा विचार बहुधा सोडून द्यावा.

घ्यावयाची असे ठरल्यावर मग गाडीकडे पाहावे. बैल घेताना शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो, खांदा चाचपतो, गाडीला जुंपून पाहिल्यावाचून बयाणा देत नाही. तोच मनुष्य गाडी घेताना रंग आणि रेडिओ पाहून पैसे मोजतो, ही चमत्कारिक गोष्ट आहे. गाडी पाहण्यास सकाळी जावे, विश्वासातला मिस्त्री बरोबर न्यावा, आणि इंजिन आधी चालू करू नये असे बजावून जावे. वर सांगितलेल्या कुटुंबातील मुलगा गेला तेव्हा मिस्त्रीने पहिल्यांदा बॉनेटवर नुसता तळहात ठेवला आणि म्हणाला, "दादा, गाडी आधीच गरम करून ठेवली आहे." गरम इंजिन आपले दुखणे लपविते, थंड इंजिन पहिल्या चावीत बोलते.

धुराकडे नीट पाहावे. सुरू होताना क्षणभर धूर येणे स्वाभाविक आहे. परंतु काळा धूर टिकून राहिला तर नॉझल किंवा पंप बिघडलेला, अथवा हवेची जाळी तुंबलेली असावी. हा खर्च बहुधा सोसण्याजोगा असतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे, रिंगा, व्हॉल्व्हच्या गाईड किंवा टर्बो थकले आहेत; येथे खर्च मोठा. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना, तर दाब कमी आहे किंवा पाणी सिलिंडरमध्ये उतरत आहे. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाची साय आहे काय ते पाहावे. गरम असताना उघडू नये, अंग भाजते. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल ताकासारखे दिसले तर पुढे बोलणेच नको. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढल्यावर आतून धुराचे लोट येत असतील, तर पिस्टन व रिंगा झिजल्या आहेत.

इंजिन दुरुस्त होते, चासी मात्र एकदा वाकली की वाकलीच. म्हणून गाडीखाली गोणपाट टाकून आडवे व्हावे आणि मागच्या पाट्यांच्या खुंट्यांजवळ चासीस तडा अथवा वेल्डिंगचा टाका आहे काय ते पाहावे. मूळच्यापेक्षा जादा पाटे टाकलेले असतील, तर ही गाडी आयुष्यभर क्षमतेबाहेर भरली गेली असे समजावे. हौद्याचा तळ, विशेषतः कोपरे, टोकदार वस्तूने टोचून पाहावे. ज्या हौद्यातून रासायनिक खते व सडका भाजीपाला वाहिला जातो, तो समुद्रकाठच्या गाडीइतकाच आतून खाल्ला जातो. वरचा ताजा रंग हे अनेकदा त्यावरचे पांघरूण असते. टायर एका बाजूने झिजले असतील तर कारण विचारावे. टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते. ३५१९ असेल तर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला तो टायर. नक्षी चांगली दिसली तरी फार जुना टायर भरलेल्या गाडीखाली धोक्याचा. किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. क्लचच्या पायपट्टीचे रबर आणि स्टिअरिंगची ढिलाई अधिक खरे सांगतात. अखेर गाडी भरलेल्या मालासह चढावर नेऊन पाहावी. रिकामी गाडी सपाटीवर सर्वांचीच चांगली चालते.

कोणत्या काळातली गाडी घ्यावी, यालाही महत्त्व आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनास तालुक्याचा मिस्त्री हात लावू शकतो. त्यानंतरच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलच पंपाचे वंगण असते व दाब अतिशय मोठा असतो. भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल त्यांना सोसत नाही, आणि सेन्सर बिघडला तर संगणकाची जोडणी असलेले गॅरेज शोधावे लागते. भारत स्टेज चारची मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि सहाची १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. स्टेज सहाच्या डिझेल गाडीत धुरातील काजळी अडविणारी जाळी असते. ती स्वच्छ होण्यास गाडी काही काळ वेगाने चालावी लागते. शेत ते बाजार अशी पाच-सात किलोमीटरची ये-जा करणाऱ्यास ही जाळी वारंवार त्रास देते. दुसरीकडे फार जुनी गाडी घेतली तर सरकारी खर्च वाढतो. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते, आणि पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी तपासणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढविण्यात आले. आजचे शुल्क व कर परिवहन कार्यालयातून लेखी काढून मगच भाव करावा. लहान अंतराच्या शेतकऱ्यास एकहाती वापरलेली, स्टेज चारपर्यंतची, पंधरा वर्षांच्या बरीच आतली गाडी सोयीची, असे एकंदरीत म्हणता येईल.

कागदपत्रांविषयी थोडे. आरसीवरील चासी व इंजिनचे क्रमांक गाडीवरील कोरीव आकड्यांशी स्वतः ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला व नमुना ३५ घेतल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेले चलन, कर व विमा एम-परिवहन अॅपवर पाहता येतात. नमुना २९ व ३० भरून तीस दिवसांत आपल्या नावे नोंद करण्यास अर्ज करावा, आणि विमा नावावर करण्यास चौदा दिवसांत. परराज्यातील गाडी स्वस्त सांगितली जाते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातल्यानंतर तिकडच्या गाड्या इतर राज्यांत जाऊ लागल्या. अशा गाडीस तेथील ना-हरकत दाखला, येथील कर व नवा क्रमांक लागतो; हा खर्च किमतीत मिळवूनच ती स्वस्त की महाग ते ठरवावे. ३,००० किलोपर्यंत एकूण भारित वजनाच्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाही. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्यास साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करून चालणार नाही. गाडी आली की निंदणीच्या बाया, कांदा लागणीची टोळी हौद्यात बसवून आणली जाते. सर्वच आणतात म्हणून त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु मालवाहू गाडीतून नेलेले प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेला आहे. पुढचे टायर फुटून गाडी चारीत गेली, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, किंवा देऊन मालकाकडून वसूल करू शकते. तीन लाखांच्या गाडीपायी चार एकर जमीन जाऊ शकते. आणि ज्या घरची बाई गेली त्या घराचे काय, हे कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही. ज्याला ही सवय मोडता येणार नाही असे वाटते, त्याने गाडी घेऊच नये.

निफाडच्या त्या घरी मुलाने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन चाळीत गेला व सडका कांदा निवडून बाहेर काढू लागला. पाट्या मोजल्या तेव्हा त्या दिवशीच्याच अकरा भरल्या. चाळ त्या उन्हाळ्यात झाली. भाड्याची गाडी अजूनही तीच येते, फक्त खोटीचा दर आधी ठरविला जातो आणि शेजारच्या दोघांचा माल एका खेपेत जोडून नेला जातो. दाराच्या आतल्या बाजूस खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तीत प्रत्येक खेपेची तारीख, वजन व भाडे मुलगा लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी दोन एकरांत ढोबळी मिरचीचे शेडनेट करण्याचा विचार आहे. वहीतला आकडा दीडशेवर गेला, की वडील स्वतः मिस्त्रीला घेऊन गाडी पाहण्यास जाणार आहेत, सकाळी सहा वाजता.